मी कधी इकत घेतली न्हाई

बसा ताई, हितं खाटंवर बसा. त्या पाटावर नका, त्यो न्हाणीचा पाट हाय, आत्ताच बाळाला न्हाऊ घातलंय, ओला असंल अजून. आन् वाईच हळू बोलू आपण, लेक झोपलीय आत. तुमचा त्यो मोबाईल ठेवा हितं माझ्यापाशी, काय टेप करायचं ते करा, फकस्त नाव लावू नका माझं, नाव काय माझ्या एकटीचं न्हाई, त्यात सासर आलं, लेकीचं सासर आलं. बाकी कायबी इचारा. मी आता लपवत न्हाई, लपवण्यात लय वर्सं घातली मी.

माझं माहेर तिकोना पेठ. गडाच्या अगदी पायथ्याला घर, दारातनं पवनेचं पाणी दिसायचं, आन् आमी तिगी बहिणी, मी मधली. आईचं सकाळी उठल्या उठल्या पयलं काम काय, तर चुलीवर तवा ठेवायचा आन् त्यात तंबाखू भाजायची, पार काळी हुस्तोवर, मग ती हातावर चोळायची, फडक्यातनं गाळायची, झाली मिश्री. आळीतल्या समद्या बाया सकाळच्याला दारात बोट तोंडात घालून बसलेल्या, बोलायचं कुणी न्हाई, तोंडात मिश्री ना, नुसत्या एकमेकीकडं बगून माना हलवायच्या. मी नऊ-धा वर्सांची असंन, दाढ दुखाय लागली, तर आईनं माझ्याच बोटावर चिमूटभर ठेवली, म्हणली घास. चक्कर आली, उलटी झाली, समद्या बाया हासल्या. दुसऱ्या दिशी मीच मागून घेतली. मिश्रीला आमच्यात कुणी व्यसन म्हणतच न्हवतं, मीठपीठ तशी मिश्री. दारू मातर आमच्या घरात न्हवती, बाप दारूच्या वाटंला कधी गेला न्हाई, आन् बाईनं दारू पेणं म्हंजे, काय सांगू तुमाला, असं कुटं असतं ह्ये बी मला म्हाईत न्हवतं.

लगीन होऊन हितं मळवलीला आले. सासऱ्यांची भाताची खाचरं व्हती, त्यातली खालची दोन त्येंनीच इकली, तितं मुंबईच्या एका शेटनं बंगला बांधला, आन् बंगला झाल्यावर राखणीला कोण ठेवायचं तर आमालाच ठेवलं, ह्येंना बागंला आन् पंपाला, मला झाडलोट, चादरी, भांडी. ह्ये म्हंजे माझे मालक, मगाशी तुमाला दारात भेटले ते. आता जितं स्विमिंग पूल हाय ना, तितं मी लगीन झाल्या साली चिखलात उभी राहून भात लावलाय, इंद्रायणीचा, आन् आता त्योच पूल ब्रश घिऊन घासते. पयलं वाईट वाटायचं, मग वाटायचं बंद झालं.

आमच्या ह्या राखणीच्या कामात एक रीत हाय, कुणी लिवलेली न्हाई, पण मळवलीपासनं पार पवनेच्या कडंपत्तूर समद्या बंगल्यांवर चालती. पाव्हणं शुक्रवारी येत्यात, रयवारी जात्यात, आन् जाताना जे मागं ठेवत्यात ते राखणदाराचं. तेलाची अर्धी पिशवी, कांदं, बटाटं, अंडी, मसाल्याच्या पुड्या, वेफर, कधी अख्खी कोंबडी फ्रीजात तशीच. शेट बी त्याचं काय इचारत न्हाई, पाव्हणं तर इसरूनच जात्यात. माझ्या घरात कैक वर्सं तेल असं इकत आलंच न्हाई बगा. आन् बाटल्या. बाटल्या तर ऱ्हायच्याच, कुणात दोन बोटं, कुणात चार बोटं. भंगारवाला सोमवारी दुपारच्याला येयाचा, त्याला रिकाम्या लागायच्या, म्हणून उरल्यालं मोरीत वतायचं आन् बाटल्या पोत्यात भरायच्या, ह्ये माझं काम. मी पदर नाकाला लावून वतायची, सांगते तुमाला, वास सहन व्हायचा न्हाई मला.

मग माझी पिशवी काढली. गर्भाची पिशवी वो. रेश्मा, माझी लेक, एकच हाय मला, ती नववीला व्हती तवा. डाक्टर म्हणलं महिना-दोन महिने वाकायचं न्हाई, पण बंगला कुणी घासायचा? महिना झाला न्हाई तोवर मी बादली उचलाय लागले, आन् कंबर अशी धरायची की भिताडाला धरून उठावं लागायचं. झोप न्हाई. एका सोमवारी ब्रँडीच्या बाटलीत तळाला वाईच ऱ्हायलती. आन् ब्रँडी म्हंजे आमच्यात औषिद, माझी सासू बाळंतिणीला चमचाभर द्यायची, पोराला सर्दी झाली की बोट बुडवून चाटवायची. मी म्हणलं औषिदच हाय की, वतायचं कशाला, आन् चहाच्या कपात घिऊन टाकली तोंडात. घसा जळाला. पण अर्ध्या घंट्यात कंबर अशी मोकळी झाली, अशी मोकळी झाली, की मी त्या दिवशी चारी खोल्या पुसल्या आन् वर गाणं म्हणत व्हते. खोटं कशाला बोलू, मला ग्वाड लागलं ते.

म्होरं काय व्हायचं ते झालंच. पयलं ब्रँडीच घेयची, बाकीचं वतायची. मग ब्रँडी नसली की दुसरं. मग वतणंच बंद झालं. फिनेलची एक मोठी पांढरी बाटली व्हती, ती मी चार पाण्यानी धुतली, उन्हात वाळवली, आन् समद्या बाटल्यांतलं उरल्यालं त्या एका बाटलीत, काळं, पांढरं, पिवळं, काय बघायचं न्हाई. झाडू-फडक्याच्या कपाटात फिनेलच्या शेजारी फिनेल, कोण हात लावतंय? सोमवारी भरून ठेवली की शुक्रवारपत्तूर पुरवून प्यायची, सकाळी एक घोट, दुपारी एक, दिवे लागायच्या टायमाला एक. आन् वरनं मिश्री. मिश्रीचा वास असा दांडगा असतो ना, की त्याच्याखाली काय बी झाकतं. मी लय हुशार समजायची सोताला.

आन् मनाला काय सांगायची म्हाईताय का, की मी पिणारी न्हाई. पिणारी कशी असंल, पिणारा दुकानात जातो, बाटली इकत घेतो, घरातलं डबं धुंडाळतो. मी कधी इकत घेतली न्हाई. एक थेंब न्हाई. जे फेकायचं ते मी फेकत न्हाई, तेल घरी आणते तशी ह्ये, वाया जाऊ देत न्हाई एवढंच. हासू नका ताई, मला खरंच तसं वाटायचं. बारा वर्सं मी ह्येच धरून बसले व्हते.

मधी ती कोरोनाची बंदी आली. बंगल्याला कुलूप, पाव्हणं न्हाई, बाटल्या न्हाई. तिसऱ्या दिशी माझे हात थराथरा कापाय लागले, घाम, उलट्या, भिताडावर मुंग्या चालत्यात असं दिसायचं, मी झाडू घिऊन भिताड झाडायची आन् तितं काय बी न्हाई. घरचे म्हणले कोरोना झाला, रेश्मा दारातनं ताट सरकवायची. आठ-धा दिसांनी उतरलं. तवाच मला कळाय पायजे व्हतं, पण कळून घेयचं नसलं की मानसाला काय दिसत न्हाई, मी बी कोरोनाच म्हणत ऱ्हायले. आन् बंदी उठल्यावर तर अशी गर्दी उसळली बंगल्यांवर, की सोमवारी माझ्या दोन-दोन बाटल्या भरायच्या.

ह्येंना म्हाईत व्हतं का? व्हतं. त्या मानसानं कधी त्वांडातनं काढलं न्हाई, कपाटापाशी मी उभी दिसले की बागंत निघून जायचे. मला त्येंचा राग बी येयचा नंतर, म्हणायची, का न्हाई बोलला तुमी, एक मुस्काडीत का न्हाई ठेवून दिली. तर म्हणले, बोललो असतो तर ते खरं झालं असतं. अहो, बाप्या प्याला की गाव म्हणतं, चालायचंच, संगत वाईट, बायकू कजाग असंल. बाई प्याली की काय म्हणत्यात ते तुमी बाईच हायसा, मी कशाला सांगू. म्हणून घरात समदे गप. मी गप, ह्ये गप, आन् मला वाटायचं रेश्माला काय म्हाईत न्हाई.

रेश्माचं लगीन झालं, तळेगावला दिली, जावई कंपनीत हायेत, मानूस चांगला. पयलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, सातव्या महिन्यात आणली. पोरगी झाली, स्वरा. न्हाऊ घालायला मीच. माझ्या हाताला नाव व्हतं ताई, आळीतल्या किती लेकरांना मी पायावर घिऊन न्हाऊ घातलंय, बाया मला बोलवायला येयच्या. पाटावर बसायचं, पाय सरळ सोडायचे, बाळ नडगीवर उताणं, मग पालथं, तेल, पीठ, आन् पाणी कायम कोपरानं बगायचं, हातानं न्हाई. आमचे हात भांडी घासून, चुलीपाशी राहून मेल्याले असत्यात, त्यांना ऊन लागत न्हाई, कोपराचं कातडं कवळं ऱ्हातं. माझ्या आईनं शिकवल्यालं.

तर स्वरा सव्वा महिन्याची. थंडीचं दिस. सकाळी उठले तर हात कापत्यात, आदल्या दिशी बाटली संपलती. मनात आलं, असल्या हातानं बाळ धरायचं कसं, निसटंल की. म्हणून बंगल्यावर गेले, दुसरी भरली, दोन घोट जास्तच घेतले, हात थिर झाले, मिश्री लावली आन् आले. बगा म्हंजे, बाळासाठीच प्याले मी, माझ्या हिशोबानं. पाटावर बसले, पाय सोडले, बाळ घेतलं, आन् पाणी हातानं बघितलं. कोपर लावलंच न्हाई. का न्हाई लावलं ते आज बी मला आठवत न्हाई. पयलाच तांब्या मांडीवर वतला आन् त्या लेकरानं जी किंकाळी फोडली.

रेश्मा दारात उभी व्हती. तिनं झडप घालून पोर उचललं, गार पाणी टाकलं, मी तशीच पाय पसरून बसल्याली. मांडीवर एवढं, विड्याच्या पानाएवढं लाल झालतं, मग फोड आला. मी म्हणाय लागले, अगं हाताला कोमट लागलं, अगं मला. तर ती माझ्या तोंडापाशी आली, अशी अगदी जवळ, आन् म्हणली, आई, तुझ्या मिश्रीखालचा वास मला नववीपासून माहितीये. ओरडली न्हाई. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी जावयांना बोलावून गेली. सासरी काय सांगितलं, तर माझ्या हातून तांब्या कलंडला. माझ्या म्हणजे रेश्माच्या. तिनं सोतावर घेतलं. सव्वा महिन्याची बाळंतीण आन् सासूची बोलणी तिनं खाल्ली माझ्यापायी, आन् मला ते जावयांकडनं पुढं कळलं. त्यानंतर दिवाळीला आली न्हाई, यात्रंला आली न्हाई. ह्येंना फोन करायची, फोनवर पोरगी दावायची, मी मागं उभी राहिले की फोन ठेवायची.

ती गेली त्या सांजच्याला ह्ये बागंत गेले न्हाईत. कपाटातनं ती पांढरी बाटली आणली, माझ्या पुढ्यात ठेवली आन् खाली बसले. म्हणले, पी, न्हाई तर माझ्यासंगं चल, दोनातलं एक. मी प्याले. खरं तेच सांगते. प्याले, आन् रडले, आन् सकाळी गेले त्येंच्यासंगं. कामशेतला दवाखान्यात एक डाक्टरीण बाई व्हत्या, त्येंनी चिठ्ठी दिली, पुण्याला बायकांचं सेंटर हाय म्हणून. बायकांचं असं येगळं असतंय ह्येच मला नवल. म्हणलं तितं कोण असणार, माझ्यासारखी मीच. तर पंधरा-सोळा जणी. एक कॉम्प्युटरवाली पोर, एक भाजी इकणारी, एक तर आजी, नातवंडांची. आन् लोणावळ्याच्या एक मॅडम, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, इंग्रजी बोलणाऱ्या, त्येंचे हात माझ्यासारखेच कापायचे.

तितं गोल बसवत्यात आन् एकेकीनं सांगायचं, मी अमुक, मी पिणारी. माझ्या तोंडातनं ते निघंना. चार दिस झाले, पाच दिस झाले, मी आपलं म्हणायची, मी काय पिणारी न्हाई बाई, मी कधी इकत घेतली न्हाई, पाव्हण्यांचं उरल्यालं तेवढं घेयची. एक दिवस त्या बँकेच्या मॅडम म्हणल्या, मावशी, मी महागातली विकत घेऊन प्यायले, तुमची फुकटची, पण चढायची तर सारखीच ना? समद्या हासल्या, मी बी हासले, आन् हासता हासता जे रडाय लागले ते थांबेना. दुसऱ्या दिशी म्हणलं. मी पिणारी. माझ्या नातीची मांडी मी भाजली. दोन्ही एकदमच निघालं तोंडातनं.

मिश्री तितं कुणी काढून घेतली न्हाई. म्हणले, आदी मोठं सोडा, बारकं मागनं बगू. म्हणून मिश्री ऱ्हायली.

दोन महिन्यांनी परत आले, तर काम त्येच की. बंगला त्योच, सोमवार त्योच. ह्ये म्हणले सोडू काम. मी म्हणलं, सोडून जायचं कुटं, खाचरं तर शेटची झाली. मग ह्येंनी रीत बदलली. सोमवारी आदी एकटे जायचे, समद्या बाटल्या मोरीत वतायचे, मोरीत चार बादल्या पाणी मारायचे, खिडक्या उघडायचे, पोतं फाटकाबाहेर नेऊन ठेवायचे, आन् मग मला हाक मारायचे. अजून तसंच करत्यात. आन् त्या कपाटात फिनेलची बाटली ठेवत न्हाई आमी, फिनेल डब्यात वतून घेतो.

गुरवारी लोणावळ्याला जाते, त्या मॅडमनी तितं बायकांची बैठक सुरू केलीय, एका दवाखान्याच्या मागल्या खोलीत, सात-आठ जणी असतो. घरी काय सांगायचं, तर थोरल्या जावंला सांगितलं गुडघ्याच्या इलाजाला जाते. ती बया रोज इचारायची, कसा हाय गुडघा. मी लंगडायची बगा तिच्यापुढं. आन् एक दिवस म्हणती, तुला एवढा गुण आलाय, मला बी ने त्या डाक्टरकडं. आता काय करावं? सांगितलं खरं काय ते. तर म्हणली, मला वाटलंच, तुझा कधी डावा गुडघा दुखायचा, कधी उजवा. पण गावात बोलली न्हाई ती कुटं. तिचे उपकार हायेत माझ्यावर.

एकदा घसरले. आठ महिने झालते. ह्येंना ताप भरला आन् सोमवार आला, मी म्हणलं आता काय व्हतंय, मीच जाते. सोफ्याखाली अर्धी बाटली. मोरीपत्तूर घिऊन गेले, झाकण काढलं, आन् वाकले ती वतायला न्हाई वाकले. गुरवारी बैठकीत सांगितलं. परत पयल्या दिसापासनं मोजाय लागले. त्याला आता तीन वर्सं होऊन गेली.

आन् मग ह्या सालच्या दसऱ्याच्या आदी जावयांचा फोन. रेश्माला दिस गेलेत, विहीणबाईंच्या मणक्याचं आपरेशन झालंय, त्या उठत न्हाईत, बाळंतपण करायचं कुणी. ह्येंनी फोन माझ्या हातात दिला. तिकडनं रेश्मा. एवढ्या वर्सांनी पयल्यांदा. म्हणली, मी येईन, पण बाळाला तू न्हाऊ घालायचं नाही. मी म्हणलं, व्हय. म्हणली, आणि मला कळेल. मी म्हणलं, व्हय बाई, तुला कळंल.

फोन ठेवला आन् माझ्या डोक्यात आलं, कळंल कसं? माझ्या तोंडात तर मिश्री. ज्या मिश्रीखाली मी बारा वर्सं लपले तीच लावून तिच्याम्होरं उभी ऱ्हायले, तर पोरीनं इस्वास ठेवायचा कशावर? मग तिला रोज बसून वळखायचं का, आज खाली काय हाय? तवा ठरवलं, मिश्री बी बंद. काय सांगू ताई, दारूपरास अवघड गेली मला मिश्री. चाळीसच्या वर वर्सं झालती तिला. पोट साफ होईना, डोस्कं ठणकायचं, कुणी नमस्कार केला तरी अंगावर जायची मी, ह्ये पुन्हा बागंत जाऊन बसाय लागले. जाऊ म्हणली, अगं दारू सोडलीस ना, मिश्रीनं कुणाचं काय वाईट झालंय, सगळं जग लावतंय. मी म्हणलं, वाईट झालं न्हाई, पण माझ्या लेकीच्या नाकाम्होरं पडदा हाय तो. मिश्रीची डबी आईनं लग्नात पिशवीत घातल्याली, पितळेची, ती घासली आन् त्यात बाळासाठी जायफळ ठेवलं.

आली रेश्मा. स्वरा बी आली, चार वर्सांची झालीय, माझ्याकडं बघायचीच न्हाई आदी, आता पाठ सोडत न्हाई. कामशेतच्या दवाखान्यात बाळंत झाली, नातू झाला, घरी आणलं. न्हाऊ घालायला चांगुणाबाई येयच्या, वरल्या वाडीतल्या, हाताला चांगल्या. मी पाणी तापवायची, पीठ मळायची, धुरी करायची, आन् बाजूला व्हायची. पण रोज सकाळी चांगुणाबाई यायच्या आदी मी रेश्माच्या खाटंपाशी जायची आन् म्हणायची, घे वास. पयल्या दिशी तिनं तोंड फिरवलं, म्हणली, आई, असं नको गं करूस, मला कसंतरी होतं. मी म्हणलं घे, तुला न्हाई, माझ्यासाठी घे. तवा घेतला. तिचे डोळे भरले, माझे बी. मग रोजचंच झालं, जसं देवाला दिवा लावायचा तसं, न बोलता.

वीस-बावीस दिस झाले आन् चांगुणाबाईंच्या पुतण्याचं लगीन निघालं. सकाळी बाळ भुकेजून रडतंय, पाणी तापलंय, आन् घालणारं कुणी न्हाई. ती एकदा पाण्याकडं बगती, एकदा माझ्याकडं. मग म्हणली, तू घाल, मी इथं उभी राहते. पाटावर बसले, पाय सोडले, बाळ घेतलं. कोपर बुडवलं, तिला दावलं, तिनं बी सोताचं कोपर बुडवून बगितलं, तवा तांब्या उचलला. चांगुणाबाई लग्नाहून आल्या तरी रेश्मानं त्येंना बोलावलं न्हाई, पंधरा दिस असंच, मी पाटावर, ती दारात, नजर हलवायची न्हाई माझ्या हातावरनं. मला राग न्हाई आला. तिचं बरोबरच हाय.

आन् मधी स्वरानं एकदा परकर वर करून इचारलं, आजी, हे काय झालंय मला? विड्याच्या पानाएवढी खूण, फिकी, पण हाय ती ऱ्हाणारच. रेश्मा पटकन म्हणली, लहानपणी पाणी सांडलं माझ्या हातून. मी म्हणलं, न्हाई बाळा, आईच्या न्हाई. आजीच्या हातनं सांडलं, आजी तवा चुकली. स्वरा म्हणली, दुखलं होतं? मी म्हणलं, लय. ती गेली खेळाय.

आन् आज सकाळची गोष्ट सांगते, मग तुमी चहा घ्या. बाळ पहाटपासनं किरकिरत व्हतं, पोरीचा डोळ्याला डोळा न्हाई. मी खाटंपाशी गेले, रोजच्यासारखी वाकले, घे वास म्हणले. तिनं डोळं न उघडताच बाळ उचलून माझ्या हातात दिलं, म्हणली, कोपर लाव गं, आन् कूस बदलली. मी तशीच वाकल्याली. म्हणलं, अगं वास तरी घे. तर ती झोपली व्हती. घोरत व्हती वाईच.

काय करावं कळंना मला. बाळ हातात, पाणी तापल्यालं. ह्ये चुलीपाशी जाळ घालत व्हते, त्येंनी बी बगितलं, अजून एक लाकूड सारलं. पाटावर बसले, पाय सोडले, कोपर बुडवलं, दोनदा बुडवलं, आन् सवय झाल्याली ना, सारखी दाराकडं बघायची. दारात कुणी न्हाई. आज पयल्यांदा दारात कुणी न्हाई. न्हाऊ घातलं, शेवटचा तांब्या अंगावरनं ओवाळून टाकला, म्हणलं मोठा हो, आईसारखा खंबीर हो, पुसून, गुंडाळून तिच्या कुशीत नेऊन ठेवला, तरी तिला जाग न्हाई.

सुखी ऱ्हावं समद्यांनी, ज्यांच्या घरात असं काय चाललंय त्यांनी बी, दुसरं काय मागू. तुमी आलात तवा मी भायेर येऊन बसले व्हते ती तिच्यापायीच. दिस किती वर आला बगा, अजून झोपलीय ती. म्हणून तर मगापासनं हळू बोलतीय तुमच्यासंगं.